नागपूरच्या महालातील जुन्या घराची छपरी : राहत्या घरात दुरुस्ती कशी करावी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. नागपूरच्या महाल भागात तुमचे सुमारे ८० वर्षांचे विटांचे घर आहे. त्याच्या दर्शनी बाजूस २० फूट लांब आणि वळचणीसकट ९ फूट रुंद छपरी असून चार सागवानी खांबांवर इंग्रजी कवेलूंचे (मंगलोरी कौलांचे) एकपाखी, म्हणजे एकाच उताराचे, छप्पर आहे. गेले दोन पावसाळे भिंतीलगत आणि पूर्वेकडच्या कोपऱ्यात पाणी गळते, आणि त्या कोपऱ्यातला खांब जवळजवळ दीड इंच खचला आहे. ठेकेदार सगळे उतरवून आठ दिवसांत स्लॅब टाकून देतो म्हणतात. मे महिन्याच्या अखेरीस नणंदेचे लग्न घरूनच आहे, आणि ८२ वर्षांचे सासरे दोन्ही वेळा त्याच छपरीत बसतात. आता काय करावे आणि घर रिकामे न करता करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

घर रिकामे करण्याची गरज नाही. मात्र स्लॅब टाकू नका, आणि लग्नाआधी सगळे काम उरकून घेण्याचा आग्रहही धरू नका. आत्ता पाण्याची वाट बंद करावी, कोपऱ्याला भक्कम टेकू द्यावा, आणि खांबाचे व कवेलूंचे मुख्य काम दिवाळीनंतर दोन टप्प्यांत करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे सविस्तर सांगतो, कारण घरातल्या मोठ्यांना आणि ठेकेदाराला ती तुम्हालाच पटवून द्यावी लागतील.

पहिले कारण वजनाचे. इंग्रजी कवेलू साधारण अडीच किलोचे असते आणि एका चौरस मीटरला सुमारे १५ लागतात. वासे आणि रिपा धरून तुमच्या आजच्या छपराचे वजन ढोबळमानाने एक टन भरेल. त्याच जागेवर चार इंची स्लॅब टाकली तर नुसती स्लॅबच चार टनांच्या पुढे जाते. तुळया आणि वरचा थर वेगळा. हा भार ज्या भिंतीत जाणार ती चुन्यातली किंवा मातीतली वीटकामाची भिंत आहे, आणि तिला एका बाजूने एवढा भार पेलण्याची सवय नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांत स्लॅबच्या छपरीमागे दर्शनी भिंतीला तिरप्या भेगा गेलेल्या मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत, की आता तशी छपरी दिसली की नजर आपोआप भिंतीकडे जाते. शिवाय नव्याने स्लॅब टाकणे हे दुरुस्तीत मोडत नाही. त्यासाठी महापालिकेची परवानगी लागते, हेही लक्षात ठेवा.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. तुमच्या वर्णनावरून मला वाटते की दोष कवेलूंत कमी आणि खांबाखालच्या जमिनीत जास्त आहे. नागपुरात पुष्कळ ठिकाणी मुरमाच्या वर काळ्या मातीचा थर आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हाताची बोटे जातील एवढ्या भेगा पडतात. घराच्या मुख्य भिंतींचा पाया बहुधा खोल, मुरमापर्यंत गेलेला असतो. छपरीचे खांब मात्र हात-दीड हात खोल दगडावर उभे केलेले असतात. त्यामुळे भिंत जागची हलत नाही आणि खांब दरवर्षी थोडे खाली-वर होत राहतात. भिंतीलगतचा सांधा उघडतो, तुळई एका बाजूला कलते, तिच्यावरचे वासे सरकतात आणि कवेलूंच्या ओळींतली पकड सुटते. गळती दिसते वर, पण ती सुरू होते खाली.

कोपऱ्याचाच खांब का खचला, हेही पाहायला हवे. तुमच्या फोटोत त्या खांबाला लागून कूलरचा लोखंडी स्टँड दिसतो. मार्चअखेरीपासून पावसाळा लागेपर्यंत कूलर चालतो, त्याची टाकी रोज भरताना पाणी सांडते, तळातून झिरपते आणि खांबाच्या पायाशी मुरते. तीन बाजूंची माती भेगाळलेली आणि एक बाजू सदा ओली, असा तो खांब उभा आहे. पावसाळ्यात वळचणीच्या पागोळ्या खांबापासून दीड फुटावर पडतात. १०० मिलिमीटर पाऊस झाला तर एवढ्या छपरीवरून सुमारे १,६५० लिटर पाणी उतरते, आणि घराच्या मुख्य छपराचे पाणी छपरीवर पडत असेल तर त्याहून कितीतरी जास्त. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, हे आपण कोणीच विसरलेलो नाही. असे पाणी खांबांच्या रांगेशेजारी ओतले जात असताना वरची कवेलू कितीही नवी बसवली तरी उपयोग होत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मावशीच्या घरच्या छपरीचे काम मी हौसेने अंगावर घेतले. सगळी कवेलू उतरवली, रिपा बदलल्या, भिंतीच्या सांध्यावर सिमेंटचा जाड वाटा, म्हणजे तिरपा पट्टा, मारला आणि खांबांना खालून लागलेली कुज दिसू नये म्हणून पायाशी सिमेंटचे चौथरे बांधले. पहिला पावसाळा कोरडा गेला. दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात त्याच जागी गळू लागले, आणि चौथऱ्याच्या आत पाणी कोंडून खांब असा कुजला की पुढच्या उन्हाळ्यात तो पायापासून हाताने हलत होता. मावशी मला एका शब्दाने बोलली नाही. तिने फक्त पाटावरची भांडी त्या कोपऱ्यातून उचलून आत नेली. तेव्हापासून मी कोणत्याही छपरीची तपासणी जमिनीपासून सुरू करतो, आणि तुम्हीही तसेच करावे.

तपासणीला एक जाड पेचकस, एक दोरी आणि गवंडी पातळी पाहायला वापरतो ती पाण्याची नळी पुरे. पेचकस खांबाच्या पायाशी, तळखड्याच्या (खांबाखालच्या दगडाच्या) लगेच वर, चारही बाजूंनी दाबून पाहा. निरोगी सागवानात टोक जेमतेम रुतते आणि हाताला कडकपणा जाणवतो. कुजलेल्या लाकडात ते भिजल्या बिस्किटात जावे तसे आत जाते आणि बाहेर काढल्यावर टोकाला तपकिरी, ओलसर भुसा लागतो. उधई (वाळवी) असेल तर वरचा पापुद्रा शाबूत दिसतो, पण ठोकल्यावर पोकळ आवाज येतो आणि टोक एकदम आत घुसते. किती उंचीपर्यंत लाकूड गेले आहे, त्याची खडूने खूण करा. बहुतेक वेळा हे नुकसान खालच्या एक-दीड फुटापुरते असते, आणि उरलेला खांब आज बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही लाकडापेक्षा चांगला निघतो. ८० वर्षांपूर्वीचे आपल्या जंगलातले सागवान गाभ्याचे असे. ते फेकून देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

आता लग्नाआधीची कामे. सर्वप्रथम कूलर त्या खांबापासून हलवा. तो छपरीतच ठेवायचा असेल तर त्याखाली कडा असलेले ताट ठेवून त्यातले पाणी नळीने मोरीकडे न्या. त्याच वेळी वीजतंत्र्याला बोलावून वाशांवरून गेलेली जुनी वायर काढून टाका, कूलरला अर्थिंग करून घ्या आणि त्या जोडणीवर आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारी कळ, बसवा. ओली फरशी, लोखंडी कूलर आणि त्याभोवती खेळणारी मुले असताना हे काम एक दिवसही पुढे ढकलू नये.

मग कोपऱ्याला टेकू द्या. खांबाच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन फुटांवर तुळईखाली एकेक जाड बल्ली किंवा लोखंडी प्रॉप उभा करा, त्याखाली किमान दोन फूट लांब जाड फळी ठेवा म्हणजे भार पसरेल, आणि लाकडी पाचरी ठोकून तो घट्ट बसवा. या वेळी तुळई वर उचलण्याचा प्रयत्न करू नका. टेकूचे काम फक्त आहे त्या जागी धरून ठेवण्याचे आहे. लग्नाच्या दिवसांत या बल्ल्यांना कापड गुंडाळून झेंडूच्या माळा सोडल्या की कोणाच्या नजरेत येणार नाहीत. मंडपवाल्याला मात्र आधीच बजावून ठेवा की छपरीच्या एकाही खांबाला दोर बांधायचा नाही. मे महिन्यातल्या वावटळीत किंवा वळवाच्या वाऱ्यात मंडपाचे कापड शिडासारखे फुगते आणि तो सगळा ओढा खांबावर येतो. मंडपाचे खांब वेगळे, छपरीचे वेगळे.

भिंतीलगतचा सांधा ही पाणी आत शिरण्याची मुख्य जागा आहे, आणि त्याचे काम पाहुणे येण्याआधी तीन-चार सकाळींत होते. भिंतीवरचा जुना फुटका सिमेंटचा वाटा हलक्या हाताने काढा. कवेलूंच्या वरच्या ओळीपासून सहा इंच वर, विटांच्या दरजेत, एक इंच खोल आडवी खाच करा. २४ गेजचा साधा गॅल्व्हनाइज्ड पत्रा असा वाकवून घ्या की त्याची वरची कड खाचेत जाईल, मधला भाग भिंतीला टेकेल आणि खालचा भाग किमान सहा इंच कवेलूंवर उतरेल. खाचेत जाणाऱ्या कडेला डांबरी रंगाचा हात द्या आणि खाच चुन्याने भरा. ॲल्युमिनियमचा पत्रा घेऊ नका. ओल्या चुन्याशी संबंध आला की तो खातो. पत्रा फक्त भिंतीला पकडलेला असावा आणि कवेलूंवर नुसता टेकलेला असावा, म्हणजे खांब थोडे खाली-वर झाले तरी सांधा फाटणार नाही. सिमेंटचा वाटा दोन्हीकडे चिकटतो आणि म्हणून दरवर्षी तडकतो.

चुन्याचा आग्रह मी जुन्या गोष्टींच्या प्रेमापोटी धरत नाही. जुनी वीट आणि जुना चुना मऊ असतात, ओल घेतात आणि सोडतात. त्यांच्यावर कडक सिमेंट बसवले की ओल मागे कोंडते आणि काही वर्षांत विटेचा पृष्ठभागच सिमेंटसकट सुटून येतो. एक भाग चांगला मुरवलेला चुना, दोन भाग धुतलेली वाळू आणि एक भाग विटांची सुरखी, हे मिश्रण तुमच्या भिंतीला मानवेल. एप्रिल-मेच्या उन्हात ते झपाट्याने सुकून भुसभुशीत होते, म्हणून काम पहाटे सहाला सुरू करून दहा-साडेदहाला थांबवावे आणि त्यावर आठवडाभर ओले गोणपाट ठेवावे.

पावसाळ्याआधीचे शेवटचे काम पन्हळीचे. २० फूट लांबीत सव्वा ते दीड इंच उतार देऊन वळचणीला पत्र्याची पन्हळ लावा, तिचे तोंड पश्चिमेकडे, म्हणजे खचलेल्या कोपऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा, आणि खाली येणारे पाणी पाइपाने खांबांपासून किमान सहा फूट दूर न्या. वळचणीच्या शेवटच्या दोन ओळींतली कवेलू रिपांना तारेने बांधून घ्या. कवेलूच्या मागे त्यासाठीच छिद्र ठेवलेले असते, पण आळसापायी ते कोणी वापरत नाही. छपरी समोरून उघडी असल्यामुळे वारा खालून कवेलूंना उचलतो, आणि वानरे उड्या मारतात तीही नेमकी कडेच्या ओळीवर. हे सगळे नवतपा, म्हणजे मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत व्हावे. मृग लागल्यावर छपराला हात लावू नये.

खांबाचे मुख्य काम दिवाळीनंतर करा म्हणण्यामागे मातीचेच गणित आहे. मे महिन्यात माती सर्वाधिक आक्रसलेली असते. तेव्हा पातळी जुळवून छप्पर पक्के केले तर पावसाळ्यात माती फुगून ते पुन्हा वर ढकलते. कार्तिक-मार्गशीर्षात माती मधल्या अवस्थेत असते, चुना सावकाश आणि चांगला आवळतो, मजुरांना दिवसभर काम करता येते आणि घरातल्या कोणाचे उन्हाने हाल होत नाहीत. त्या दिवसांत पाऊस अगदीच होत नाही असे नाही, म्हणून ताडपत्री मात्र हाताशी हवी.

काम दहा-दहा फुटांच्या दोन टप्प्यांत करा. पूर्वेकडचा अर्धा भाग आधी घ्या, आणि तेवढे दिवस सासऱ्यांची खुर्ची, मुलांचे दप्तर-पुस्तके आणि येण्याजाण्याची वाट पश्चिमेकडे ठेवा. मध्ये तुळईपासून फरशीपर्यंत ताडपत्रीचा पडदा सोडा. तो धुळीसाठी आहेच, पण त्याहून अधिक मुलांनी पलीकडे जाऊ नये यासाठी आहे. कवेलू उतरवताना मजुरांच्या हातात जाड मोजे हवेत, कारण जुन्या कवेलूंखाली विंचू असतात. चिमण्यांचे घरटे वाशाच्या बेचक्यात असेल तर पिल्ले उडेपर्यंत ती बाजू शेवटी ठेवा. वेळापत्रकात एवढी सोय सहज होते.

उतरवलेले प्रत्येक कवेलू बोटाच्या पेराने वाजवून पाहा. खणखणीत वाजले तर ठेवायचे. बद्द आवाज आला तर ते तडकलेले आहे, वरून कितीही चांगले दिसो. तुमच्याकडे एकंदर २७५-३०० कवेलू निघतील आणि त्यांतली बरीच वाचतील. कवेलूच्या मागे कारखान्याचा ठसा असतो. त्याच ठशाची जुनी कवेलू पाडलेल्या घरांच्या सामानात शोधा. न मिळाल्यास नवी घ्या, पण जुनी आणि नवी एका ओळीत मिसळू नका, कारण दोन कारखान्यांच्या मापांत पाव इंचाचा फरकही पाणी आत घेतो. सगळी जुनी समोर दिसणाऱ्या भागात आणि सगळी नवी एका टोकाला, असे बसवले की सांधा एकच राहतो. रिपांमधले अंतरही ठोकळ मापाने ठरवू नका. तुमचीच दोन कवेलू एकमेकांत अडकवून ते मोजा. छपराला फुटामागे सहा इंच उतार असावा, म्हणजे नऊ फुटांत साडेचार फूट. तो कमी भरत असेल तर मला आधी कळवा, कारण मग वाशांचाच विचार करावा लागेल.

अर्धे छप्पर हलके झाल्यावर खांबाकडे वळा. एका वेळी एकच खांब घ्यायचा, हा नियम मोडू नये. दोन्ही बाजूंच्या टेकूंखाली स्क्रू जॅक ठेवून तुळई दिवसाला दोन-तीन मिलिमीटर याप्रमाणे वर घ्या. लाकडाला रात्रभर बसू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुढे जा. दीड इंचाला दोन आठवडे लागतील. मध्येच लाकूड करकरले किंवा भिंतीतल्या टोकाशी भेग दिसली तर तिथेच थांबा. एक इंच वर आले आणि अर्धा इंच राहिला तरी छप्पर कोरडे राहते. खांबाचा कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापून त्याला जुन्या सागवानाच्या गाभ्याचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा. सहा इंची खांबाला सांध्याची लांबी १५ ते १८ इंच असावी आणि त्यातून १२ मिलिमीटरचे दोन गॅल्व्हनाइज्ड बोल्ट आरपार जावेत. जोडाच्या लाकडात पिवळसर पांढरा भाग नको. उधई आधी तोच खाते.

खाली मुरूम लागेपर्यंत खणा. टेकूंच्या फळ्या अशा वेळी खड्ड्याच्या काठापासून तीन-चार फूट मागे घेऊन वर आडवी तुळई द्यावी लागते, म्हणून हा भाग अनुभवी मिस्त्री उभा असतानाच करा. खड्डा मुरूम आणि वाळूने थराथराने ठोकून भरा, वरचे दोन फूट चुन्यातले दगडी काम घ्या आणि तळखडा अंगणाच्या पातळीपासून सहा इंच वर येईल असा ठेवा. खांब तळखड्यावर उभा राहावा. त्याभोवती सिमेंट कधीही ओतू नका.

ठेकेदार दुसरा पर्याय म्हणून रंगीत पत्रा सुचवतील. तो हलका असतो, चांगला लावला तर गळत नाही, आणि भाड्याने द्यायच्या खोलीसाठी मी तो सुचवलाही आहे. पण ४५ अंशांच्या दुपारी पत्र्याखाली कोणी बसू शकत नाही आणि पावसात त्याखाली बोललेले ऐकू येत नाही. ज्या छपरीत ८२ वर्षांचे गृहस्थ बसतात, मुले अभ्यास करतात आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल मांडले जातात, तिथे कवेलूच हवीत.

लाकडाला शेवटी बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, दोन हात द्या; त्यात चौथा भाग टर्पेंटाइन मिसळल्यास ते खोल मुरते. तेलाने भिजलेली फडकी मात्र कोपऱ्यात चुरगळून टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडते आणि गोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवून ठेवा किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा, आणि हे रंगाऱ्यालाही सांगा.

आत्तापासून दिवाळीपर्यंत एक काम सासऱ्यांकडे द्यावे, अशी माझी विनंती आहे. पाण्याच्या नळीने घराच्या भिंतीवर आणि चारही खांबांवर एकाच पातळीत पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवा. ते रोज तिथेच बसतात. दर रविवारी कोणाच्या तरी मदतीने नळी लावून भिंतीवरच्या रेघेच्या मानाने प्रत्येक खांबाची रेघ किती वर किंवा खाली गेली, हे मिलिमीटरमध्ये वहीत लिहावे, आणि त्या आठवड्यात पाऊस किती झाला, कूलर चालू होता की बंद, तेही शेजारी नोंदवावे. कोणता खांब मातीबरोबर हलतो आणि कोणता स्थिर आहे, हे त्या नोंदींवरून कळेल. कदाचित चारांपैकी दोनच पाये खणावे लागतील. कार्तिकात काम काढाल तेव्हा त्या वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा. खड्डे कुठे आणि किती खोल घ्यायचे, ते आपण त्यावरून ठरवू.